दोष हाताचा की दांड्याचा?

या पानाच्या नेहमीच्या वाचकांना आमची मोटार चांगली ठाऊक आहे. तिची खरेदी, तिच्या पहिल्या ओरखड्यावरून घरात झालेले महाभारत आणि ती पंधरा वर्षांची झाल्यावर नोंदणी आणखी पाच वर्षांसाठी करून घेताना मी आर.टी.ओ.त घातलेले हेलपाटे, हे सारे त्यांनी वेळोवेळी सोसले आहे. मोटारीचे नाव मात्र मी कधी सांगितलेले नाही आणि आजही सांगणार नाही. सतरा वर्षांच्या वापराने जे झिजले, त्याबद्दल कारखानदाराला बोल लावणे म्हणजे सत्तरीत दात पडले म्हणून आईबापांकडे तक्रार नेण्यासारखे आहे. तेव्हा एवढेच सांगतो, की गाडी लहान आहे, पेट्रोलवर चालते आणि तिचे गिअर हाताने बदलावे लागतात.

हे शेवटचे मुद्दाम सांगितले. आमच्या चिरंजीवांच्या गाडीत गिअर आपोआप बदलतात. त्यांच्या डाव्या हाताला गाडीत काही उद्योगच नसतो. माझ्या डाव्या हाताला मात्र सतरा वर्षे नियमित नोकरी आहे, आणि गेल्या वर्षी ती जाण्याची वेळ आली होती. त्याचीच ही हकीकत.

होळीच्या सुमारास पहिली कुरकुर सुरू झाली. कर्वे रस्त्यावरच्या सिग्नलला हिरवा दिवा लागला, मी पहिला गिअर टाकला, क्लच सोडला, आणि गाडी एक आचका देऊन बंद पडली. मागे भोंग्यांचा गजर सुरू झाला. पाहतो तो पहिल्याऐवजी तिसरा पडला होता. आठवड्याने तेच पुन्हा झाले. मग दुसरा टाकायला जावे तो चौथा पडे, कधी काहीच पडत नसे, आणि इंजिन रिकामेच ओरडत राही. न्यूट्रलमध्ये असताना तर दांडा कढईतल्या झाऱ्यासारखा कुठेही फिरे.

चिरंजीव एकदा शेजारी बसले होते. त्यांनी हा प्रकार पाहिला, पण बोलले काही नाहीत. आपली मुले बोलतात तेव्हा काळजी नसते, ती बोलायची थांबली की समजावे, काहीतरी ठरले आहे. दोन दिवसांनी ते स्वतःच गाडी गॅरेजात दाखवून आले. शहरातल्या त्या मोठ्या गॅरेजाने निकाल दिला, की गिअरबॉक्स उघडावी लागेल, अठरा-वीस हजारांचा खर्च आहे आणि एवढ्या जुन्या गाडीवर तो करण्यात अर्थ नाही. "बाबा, आता गाडी काढून टाका," चिरंजीव म्हणाले. "कुठे जायचं असलं की मी आहेच."

हा झाला उघड निकाल. दुसरा निकाल मला स्वयंपाकघराच्या दारातून ऐकू आला. सूनबाई हलक्या आवाजात आमच्या सौ.ना सांगत होत्या, "गिअरबॉक्सचं निमित्त आहे हो आई. बाबांचा हात आता पूर्वीसारखा राहिला नाही. त्यांना वाईट वाटेल म्हणून हे बोलत नाहीत."

खरे सांगायचे, तर मला राग आला नाही. भीती वाटली. कारण हाच संशय माझ्याही मनात आठ दिवस घर करून होता. त्या रात्री सगळे झोपल्यावर मी पाण्याने काठोकाठ भरलेला पेला डाव्या हातात धरून माजघरातून गच्चीपर्यंत गेलो आणि परत आलो. जमिनीवर चार-पाच थेंब सांडले. आता चार-पाच थेंब म्हणजे हात गेला की राहिला? चाळिशीतल्या माणसाच्या हातून किती थेंब सांडतात? हे कुणाला विचारावे? एकाहत्तराव्या वर्षी माणसाला स्वतःबद्दलचे असे प्रश्न मोठ्याने विचारता येत नाहीत.

वैशाखात महाडला धाकट्या भावाच्या नातवाची मुंज निघाली. आम्ही मूळचे महाडचेच. पुण्याहून महाडला भोरवरून वरंध घाटाने किंवा ताम्हिणी घाटाने जाता येते. पण आमच्या सौ.ना महाबळेश्वर पाहायचे होते, तेव्हा मुक्काम तिथे करून आंबेनळी घाटाने पोलादपुरात उतरायचे आणि तिथून अठराएक किलोमीटरवर महाड गाठायचे, असे ठरले. चिरंजीव आणि सूनबाई आपल्या गाडीतून निघाले. मी हट्टाने माझी गाडी काढली. दांडा ढिला आहे हे ठाऊक असताना ती घाटात नेणे हा शुद्ध मूर्खपणा होता. तो मी केला, कारण मला माझा हात अजून शाबूत असल्याचे स्वतःला पटवायचे होते. आणि त्यात भर म्हणून, नऊ वर्षांची नात "मी आजोबांच्या गाडीत बसणार" म्हणून माझ्या मागच्या सीटवर येऊन बसली.

महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून तेराशे मीटरहून अधिक उंचीवर आहे आणि पोलादपूर सह्याद्रीच्या पायथ्याशी सावित्रीकाठी. ही सारी उंची चाळीसएक किलोमीटरच्या वळणावळणाच्या रस्त्यात उतरायची असते. वाटेत कुंभरोशीपाशी प्रतापगडाचा फाटा लागतो. तिथवर सारे ठीक होते. नातीला १६५९ सालची अफझलखानाची गोष्ट सांगून झाली, रस्त्याकडेच्या मुलांकडून द्रोणभर करवंदे घेऊन झाली, आणि आम्ही खालच्या घाटाला लागलो.

ज्यांनी घाटात गाडी चालवली नाही त्यांच्यासाठी एक गोष्ट सांगायला हवी. उतारावर गाडी केवळ ब्रेकवर उतरवायची नसते. ब्रेक सतत दाबून ठेवले की तापतात, तापले की त्यांची पकड कमी होते, आणि फारच तापले तर पायाखाली ब्रेक असूनही नसल्यासारखा होतो. म्हणून गाडी खालच्या गिअरात ठेवायची. मग चाकांना इंजिन जोराने फिरवावे लागते आणि ते ओझेच गाडीला मागे ओढून धरते. मला गाडी शिकवणाऱ्या मास्तरांचा नियम होता, की जो घाट ज्या गिअरात चढावा लागतो, तो त्याच गिअरात उतरावा.

मी तिसऱ्यात होतो. पुढे तीव्र उतार आणि केसांच्या आकड्यासारखे वळण दिसले. क्लच दाबला, दांडा तिसऱ्यातून काढला, डावीकडे घेऊन मागे ओढला. दुसऱ्याऐवजी चौथा पडला. आतापर्यंत मागे ओढून धरणारे इंजिन एकदम सैल झाले आणि गाडी सुटली. पुन्हा क्लच, पुन्हा दांडा. या वेळी काहीच पडले नाही. गाडी न्यूट्रलमध्ये उताराला लागली होती, आणि हाताशी होता तो नुसता ब्रेक. तो मी सर्व शक्तीनिशी दाबला. वळण कसे घेतले ते मला आजही नीट आठवत नाही. करवंदे गाडीभर सांडल्याचा आवाज आठवतो, आणि जळक्या ब्रेकचा उग्र वास. वळणापुढे रस्ता जरा रुंद होता, तिथे डोंगराच्या बाजूला गाडी उभी राहिली. मी हँडब्रेक ओढला आणि उतरून पुढच्या चाकांना दोन धोंडे लावले.

सौ. काही बोलल्या नाहीत. नुसत्या माझ्याकडे पाहत राहिल्या. नात मात्र लहान होती. तिने सरळ विचारले, "आजोबा, तुमचा हात थरथरतो म्हणून असं झालं का?"

त्या क्षणी माझा हात खरोखरच थरथरत होता. कोणाचा थरथरला नसता? पण हे त्या पोरीला कसे समजावणार? मी म्हणालो, "हो बाळ, थोडासा," आणि मनाशी ठरवून टाकले, की महाडला पोचल्यावर किल्ली चिरंजीवांच्या हातात द्यायची आणि हा विषय संपवायचा.

ब्रेक थंड होईपर्यंत अर्धा तास बसून राहिलो. बसल्या बसल्या उभ्या गाडीत दांडा चाचपत होतो, तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. दांडा डावीकडे अगदी शेवटपर्यंत रेटला की पहिला पडतो, आणि पहिल्यातून सरळ मागे ओढला की दुसरा बिनचूक पडतो. चुकते ते आडवे जाताना, म्हणजे तिसऱ्यातून दुसऱ्यात येताना. मग पहिल्यातून दुसऱ्यात आलो, आणि पोलादपूर येईपर्यंत दांड्याला हात म्हणून लावला नाही. मागून येणाऱ्या गाड्या आमच्या नावाने शंख करत पुढे जात होत्या. आम्ही मात्र बैलगाडीच्या गतीने खाली उतरलो.

पोलादपूर हे छत्रपतींचे चरित्र संस्कृतात गाणाऱ्या कवींद्र परमानंदांच्या समाधीचे गाव. आमची मुक्कामाची जागा मात्र महामार्गाकडेच्या एका पत्र्याच्या गॅरेजात ठरली. पन्नाशीचे मिस्त्री, हाताखाली एक पोरगा, गाडीखाली जायला एक खड्डा आणि दारात एक आंब्याचे झाड, एवढाच पसारा. मी सारी हकीकत सांगितली आणि शेवटी म्हणालो, "मिस्त्री, गिअरबॉक्स गेलीय म्हणतात. तुम्ही फक्त महाडपर्यंत जाईल एवढं बघा."

मिस्त्रींनी एकदम पान्हा उचलला नाही. आधी चहा सांगितला आणि डॉक्टरसारखे प्रश्न विचारायला बसले. "काका, गिअर टाकताना करकरतो का?" नाही. "पडलेला गिअर चालता चालता सुटतो का?" नाही. "आतून घरघर, हूं हूं असा आवाज?" तोही नाही. मग इंजिन बंद ठेवून त्यांनी दांडा सगळ्या गिअरांतून फिरवला. "इंजिन बंद असताना गिअर नीट पडतात आणि चालू असताना अडतात, तर क्लच बघायचा. हितं तर बंद असतानाबी दांडा भरकटतोय. म्हंजे क्लच नाय. करकर नाय, गिअर सुटत नाय, म्हंजे पेटीपन नाय." त्यांनी दांड्याची मूठ दोन बोटांनी आडवी हलवली. चांगली चार बोटे इकडून तिकडे गेली. "ह्यो बगा, केवढा प्ले हाय. मधी कायतरी खाल्लंय."

मग ते खड्ड्यात उतरले. पोऱ्याला आत बसवून दांडा हलवायला सांगितला, आणि काय वाटले कोण जाणे, आमच्या नातीला हाक मारली. "ये गं बाय, हितं बस आन् खाली बघ. दांडा हलला की ही लांब सळई हलली पायजे. सांग हलते का."

नात खड्ड्याच्या काठाशी उकिडवी बसली. पोऱ्याने दांडा हलवला. "नाही हलली!" ती ओरडली. "वर दांडा हलला, खाली सळई हललीच नाही! आता हलली. थोडीशीच हलली."

"बराबर," खड्ड्यातून आवाज आला. "काकांच्या हातानं सांगितलेलं खाली पोचतच नाय."

वाचकहो, माझ्या सतरा वर्षांच्या मोटारचालनात मला जे कळले नव्हते ते त्या दहा मिनिटांत कळले. आपण समजतो, की गिअरचा दांडा म्हणजेच गिअर. तसे नसते. गिअरबॉक्स दूर, इंजिनला चिकटून असते. दांड्याचे खालचे टोक एका लांब सळईला जोडलेले असते आणि ती सळई पुढे जाऊन पेटीतल्या दात्यांना सरकवते. दांडा जिथे टेकतो तिथे एक गोल वाटी असते, सळईच्या दोन्ही टोकांना सांधे असतात, आणि त्या प्रत्येक सांध्यात पोलादावर पोलाद घासू नये म्हणून एक नरम कडे बसवलेले असते. त्याला म्हणायचे बुश. कुठे ते नायलॉनचे असते, कुठे रबराचे. हे कडे झिजले की सांध्यात फट पडते. खाली दोन-तीन मिलिमीटरची फट, पण दोन-तीन सांध्यांच्या फटींची बेरीज होते आणि दांड्याच्या लांबीमुळे वर मुठीत तिची चार बोटे होतात. मग पहिला कुठे आणि तिसरा कुठे, हे हाताला कळावे कसे?

मुंबईच्या काळ्या-पिवळ्या फियाट टॅक्सीत बसलेल्यांना हे चटकन पटेल. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली काढलेल्या प्रीमियर कंपनीच्या त्या गाड्या कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडत. त्यांच्या गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खांबालाच असे आणि तिथून पेटीपर्यंत सळयांचा आणि सांध्यांचा लांबच लांब प्रवास असे. जुन्या टॅक्सीचा चालक तो दांडा ज्या तऱ्हेने वरखाली, आतबाहेर हलवून गिअर शोधी, ते पाहून मला लहानपणी वाटे, की हा एखादा गुप्त मंत्र आहे. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर त्या टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवरून गेल्या, आणि तो मंत्रही गेला. तो मंत्र म्हणजे झिजलेल्या बुशाशी केलेला समझोता असावा, हे मला पोलादपुरात उमगले.

मिस्त्रींनी खड्ड्यातून हात वर केला. तळहातावर कण्यांसारखे दोन-चार पांढरे-काळे तुकडे होते. "हा बुश होता. ही वाटी फाटलीय. वरचा रबरी बूट फाटला, त्यातून धूळ आत गेली, आन् धुळीनं वाटी खाल्ली."

"किती खर्च येईल?" मी धीर करून विचारले. मनात अठरा-वीस हजारांचा आकडा घुमत होता.

"सामान दीडशे-दोनशेचं. पन हितं नाय, महाडला भेटंल. मी चिठ्ठी देतो."

एवढ्यात चिरंजीव महाडहून उलट फिरून येऊन पोचले. सौ.नी त्यांना फोन केला होता. चेहरा पाहूनच मी ओळखले, की घाटातली गोष्ट त्यांना कळली आहे. "बाबा, गाडी राहू द्या इथेच. चला माझ्याबरोबर," ते म्हणाले. मी म्हणालो, "येतो. पण मला महाडला एका दुकानात ने, आणि परत इथे आण." ते काही बोलले नाहीत. आम्ही दोघे निघालो. अठरा किलोमीटर त्यांची गाडी आपोआप गिअर बदलत राहिली आणि आम्ही दोघे आपोआप गप्प राहिलो.

महाडच्या बाजारपेठेत मिस्त्रींनी सांगितलेले दुकान सापडले. दुकानदाराने चिठ्ठी वाचली आणि शिडी लावून माळ्यावर चढले. खालचे कप्पे अर्धे रिकामे आणि माळा मात्र ठासून भरलेला. मी कारण विचारले. "काका, २०२१ ची २२ जुलै विसरलात का? सावित्रीचं आणि गांधारीचं पाणी गावात शिरलं, तेव्हा हे सगळं दुकान पाण्याखाली होतं. बेअरिंगं, लोखंडी सामान, सगळं गंजून भंगारात गेलं. तेव्हापासून माल वर." मग एक प्लॅस्टिकची पिशवी खाली टाकत ते म्हणाले, "ह्यातला काही माल तेव्हाचाच आहे. नायलॉनला गंज नाही. चिखल धुतला, पुसला, पुन्हा ठेवला."

मी पिशवी उघडून पाहिली. नायलॉनची एक वाटी, अंगठीएवढे दोन बुश, एक रबरी बुश, एक रबरी बूट, एक बोल्ट. सगळे मिळून एकशे साठ रुपये. नायलॉन हे १९३५ साली अमेरिकेत ड्यू पाँट कंपनीच्या प्रयोगशाळेत वॉलेस कॅरोथर्स या रसायनशास्त्रज्ञाने शोधले. १९३८ साली त्याचे दात घासायच्या ब्रशचे केस झाले, १९४० साली बायकांचे मोजे झाले, आणि त्याच वस्तूची ही अंगठी महापुरातून तरून माझ्या हाताचा न्याय करायला महाडच्या माळ्यावर वाट पाहत बसली होती!

परतताना चिरंजीवांनी पिशवी मागून घेतली. एका बाजूला गाडी उभी केली आणि तो बुश बोटांत धरून उजेडात पाहिला. "एवढ्यासाठी?" ते म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "बाबा, मला वाटत होतं..." आणि वाक्य तिथेच सोडून गाडी सुरू केली. मीही ते पुरे करायला सांगितले नाही. मलाही तेच वाटत होते.

मिस्त्रींचे काम पाहण्यासारखे होते. जुन्या बुशाचे अवशेष खरवडून काढले, सांधा पुसून लख्ख केला. रबरी बुशाला ग्रीस न लावता साबणाचे पाणी लावले. ग्रीसने रबर फुगते, म्हणाले. मग तो वाइसमध्ये धरून हळूहळू दाबून बसवला. जुना बोल्ट त्यांनी माझ्या हातात दिला. एका बाजूने तो चक्क खोलगट झिजला होता. "बुश नवा आन् बोल्ट जुना ठेवला, तर सहा महिन्यांत पुन्ना हेच," ते म्हणाले. "आन् बूट नवा घातला नाय, तर वाटीबी जाईल." नव्या वाटीत मात्र ग्रीस भरले. तासाभरात काम झाले. मजुरी साडेतीनशे.

आमच्या सौ. आंब्याखाली खुर्चीवर बसून हे सारे पाहत होत्या. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आहे. त्या एकदम म्हणाल्या, "अहो, माझ्या गुडघ्यातही डॉक्टरांनी हेच घातलंय ना? दोन धातूंच्या मध्ये प्लॅस्टिक?"

त्यांचे अगदी बरोबर होते. पुण्याला परतल्यावर मी हे मुद्दाम वाचून काढले. इंग्लंडमध्ये जॉन चार्नली नावाचे शल्यविशारद माणसाच्या खुब्यात कृत्रिम वाटी बसवत असत. त्यांची आधीची टेफ्लॉनची वाटी रोग्यांच्या अंगात झिजून गेली. १९६२ साली त्यांना एक नवे चिवट प्लॅस्टिक मिळाले, आणि ते कुठून आले म्हणता? लँकेशायरच्या कापडगिरण्यांतल्या मागांच्या दात्यांसाठी ते वापरत असत! ते खुब्यात टिकले, आणि आज धातूच्या दोन भागांमध्ये त्याच जातीची चकती घालून आमच्या सौ. पर्वती चढतात. मागाचे, मोटारीचे आणि माणसाचे सांधे शेवटी एकाच न्यायाने चालतात. दोन कठीण वस्तू एकमेकींवर सुखाने नांदायच्या, तर मध्ये कोणीतरी नरम लागते, आणि झिजायचे काम त्याच्याकडे असते. तो झिजला म्हणून यंत्र निकामी ठरत नाही. तो झिजतो म्हणूनच यंत्र टिकते.

संध्याकाळी चारच्या सुमारास मी गाडीत बसलो. शेजारी चिरंजीव बसले. त्यांची गाडी सूनबाई महाडहून येऊन नेणार होत्या. मागे आजी आणि नात. मी क्लच दाबला आणि दांडा हलवला. खट्. पहिला. खट्. दुसरा. महामार्गाला लागल्यावर तिसरा, चौथा, आणि पुढे एका गतिरोधकापाशी मुद्दाम चौथ्यातून तिसऱ्यात, तिसऱ्यातून आडवा दुसऱ्यात आलो. खट्. कुठे चाचपणे नाही, भरकटणे नाही. तो आवाज ऐकून मला पहिल्यांदा गाडी हातात आली तो दिवस आठवला.

"आजोबा, आता नाही थरथरत तुमचा हात," मागून नात म्हणाली.

"त्यांचा हात कधी थरथरतच नव्हता," चिरंजीव समोर पाहत म्हणाले. "सळई हलत नव्हती. तूच पाहिलंस ना?"

एवढ्याने मी मोठा सारथी ठरलो, असा समज कोणी करून घेऊ नये. पुण्याला आल्यावर मी स्वतः होऊन डॉक्टरांकडून हात आणि डोळे तपासून घेतले. हात ठीक निघाला, डोळ्यांत मोतीबिंदूची सुरुवात निघाली. म्हणून रात्री आणि घाटात गाडी चालवायची नाही, असा नियम मी घालून घेतला आहे, आणि तो पाळतो. ढिला दांडा घेऊन नातीला घाटात नेण्याची चूक तर बुशाच्या माथी मारता येत नाही. ती सर्वस्वी माझीच. म्हातारपण मला मान्य आहे. ते जिथे आहे तिथेच असावे, एवढेच माझे म्हणणे आहे. डोळ्यांचे म्हातारपण हाताच्या नावावर चढू नये, आणि एकशे साठ रुपयांच्या बुशाचे तर मुळीच चढू नये.

नावातच पोलाद असलेल्या गावात माझी गाडी नायलॉनने बरी झाली. तो झिजलेला बोल्ट मी बरोबर आणला. खंडेनवमीला शस्त्रांच्या पाटावर विळी, स्क्रू-ड्रायव्हर आणि नातीचा कंपास यांच्या शेजारी तो ठेवला होता. एरवी तो माझ्या टेबलाच्या खणात असतो. आणि घरात कोणी "हे आता कामातून गेलं" असे म्हणाले, मग ते मिक्सरबद्दल असो, जुन्या पंख्याबद्दल असो की दूरच्या एखाद्या आत्याबाईंच्या स्वभावाबद्दल असो, आमच्या सौ. काही न बोलता तो बोल्ट आणून टेबलावर ठेवतात.

दिवाळीची झाडलोट सध्या आपल्याही घरी चालू असेल. माळ्यावरचे पुष्कळसे सामान भंगारवाल्याची वाट पाहत दाराशी आले असेल. ते देण्यापूर्वी एकदा त्याचा सांधा हलवून पाहा, आणि खाली पाहायला घरातल्या लहान मुलाला बसवा. दिवाळीच्या शुभेच्छा!